अठरा राक्षस आणि एक विपुल

लिफ्टची घंटी वाजली ती माझ्यामुळे. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे ज्या गोष्टी बिघडल्या त्याही माझ्यामुळेच.

जुलैतली दमट सकाळ होती. इंदूरमधल्या पलासियाच्या आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये मी धापा टाकत शिरले, लिफ्टचं दार मिटता मिटता आत उडी मारली आणि ती जादा वजनाची घंटी कर्कश वाजू लागली. सरळ न्याय असा की शेवटी चढला त्याने उतरावं. पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांच्या नजरा मागच्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे एक माणूस उभा होता... म्हणजे तो कोपरा त्याच्याच अंगाने भरून गेला होता. मान वाकवलेली, खांदे आत ओढलेले, बॅग पोटाशी घट्ट धरलेली, जणू तेवढ्याने जागा वाचणार होती.

"भिया, आप सीढ़ी से आ जाओ ना," कुणीतरी म्हणालं. दोघेजण हसले.

"जी, सॉरी," म्हणत तो एकेकाला वाट मागत बाहेर पडला. घंटी थांबली. आवाज इतका मऊ होता की तो त्या देहातून आला हे पटायला मला एक क्षण लागला, आणि त्या क्षणात मीही बाहेर उडी मारली.

"आप क्यों उतरे? घंटी तो मेरी वजह से बजी थी," मी त्याच्या पाठीला म्हटलं. समोर पाठच होती, दुसरं काही दिसतच नव्हतं.

तो वळला. माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावरचं नाव त्याने वाचलं. "शमिका देवळे. मराठी का?"

"हो. पण तुम्ही का उतरलात?"

"मी सगळ्यांत आधी चढलो होतो," तो म्हणाला. "पण घंटी वाजली की उतरायचं मीच असतं. सवय आहे."

हे त्याने तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर मी हळहळून विसरून गेले असते. तो ते अगदी सहज म्हणाला. मग आम्ही जिना चढू लागलो. तो माझ्या दोन पायऱ्या मागेच राहत होता. मला वाटलं, दमला असेल बिचारा. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत लक्षात आलं की बोलताना मला मान वर करावी लागलेली नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. दोन पायऱ्या खाली राहून त्याने आपले डोळे माझ्या डोळ्यांच्या रांगेत आणले होते, आणि हे तो बोलूनही दाखवत नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर त्याचं क्लिनिक होतं. विपुल घोरपडे, ऑडिओलॉजिस्ट. कानाची तपासणी करायची आणि शेंगदाण्याएवढी यंत्रं कानात बसवायची हा त्याचा धंदा. नावाची पाटी वाचून मला हसू आलं.

"हसा," तो म्हणाला. "नाव ठेवलं तेव्हा मी अडीच किलोचा होतो. आईवडिलांना काय माहीत."

चौथ्या मजल्यावर माझं ऑफिस. बाहेरदेशीच्या कार्टून मालिका आमच्याकडे येतात आणि हिंदी, गुजराती, मराठी बोलायला शिकून जातात. मराठी डबिंगचं टेबल माझं एकटीचं. आमचे खापरपणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि इंदूरचेच झाले. पाच पिढ्या घरात मराठी टिकली, पण झिजत झिजत. मला त्या झिजलेल्या मराठीचाही अभिमान होता, पुण्याहून रमाताईंचा मेल येईपर्यंत. रमाताई आमच्या स्क्रिप्ट तपासतात. त्यांनी लिहिलं होतं, 'शमिका, या मालिकेत अठरा राक्षस आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. तुझ्या स्क्रिप्टमध्ये सोळा जण "मोठा राक्षस" आहेत आणि दोघे "खूप मोठा राक्षस". मराठी इतकी गरीब नाही गं. तीन आठवडे देते.'

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टकडे गेलेच नाही. जिन्याशी घुटमळत राहिले... उगीच, बुटाची लेस बांधत. माझ्या सँडलला लेस नव्हती. तो आला, आणि पहिल्या मजल्यापर्यंत मी माझं सगळं रडगाणं गाऊन टाकलं.

"किती शब्द पाहिजेत?" त्याने विचारलं.

"अठरा. सगळे प्रचंड माणसाचे. आणि 'प्रचंड' पण एकदाच वापरता येणार, ना यार."

चार पायऱ्या तो चढला. मग म्हणाला, "आहेत माझ्याजवळ."

"डिक्शनरी आहे?"

"नाही. मला म्हटलेत सगळे."

मी थांबले. तोही दोन पायऱ्या खाली थांबला. त्याच्या चेहऱ्यावर दुःखबिख काही नव्हतं, उलट ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू होतं.

"मग द्या ना," मी म्हटलं.

"रोज एक. एकदम सगळे दिले तर उद्यापासून तुम्ही लिफ्टने जाल."

हे वाक्य मी त्या दिवशी ऑफिसात किती वेळा मनात म्हणून पाहिलं ते सांगत नाही.

आणि मग रोज एक शब्द. कुठल्याच कोशात नसेल अशा पद्धतीने तो शब्द सांगायचा, कारण प्रत्येक शब्दामागे माणूस होता. 'थोराड' म्हणाला शाळेचा कारकून. आईवडील पहिलीत नाव घालायला गेले तेव्हा जन्माचा दाखला उजेडात धरून बघत होता, मुलगा नक्की सहाचा आहे का म्हणून. 'धटिंगण' म्हणाले भंवरकुआंच्या हॉस्टेलचे मराठी वॉर्डन, पाण्याची टाकी दुसऱ्याच कुणीतरी फोडली तेव्हा. 'आडदांड' शेजारच्या काकू, 'बलदंड' तालमीतले वस्ताद. 'अवाढव्य' कोण म्हणालं विचारलं तर म्हणाला, "शिंपी. पण त्याने मला नाही म्हटलं, माझ्या शर्टाला म्हटलं."

मला या शब्दांचे रंग हळूहळू दिसू लागले. 'धिप्पाड'मध्ये मान आहे, त्या शब्दाला लोक रस्ता देतात. 'धटिंगण'मध्ये रागवणं आहे, 'अगडबंब'मध्ये टिंगल. 'अजस्र' या शब्दात मात्र नुसतं आश्चर्य आहे. तो त्याला एका रिटायर्ड बाईंनी दिला होता. कानात यंत्र बसवून झाल्यावर त्याचा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "किती अजस्र हात रे तुझा, आणि लागला सुद्धा नाही." त्या दिवशी मीही त्या हाताकडे चोरून पाहिलं. कठड्यावर ठेवलेला होता. त्यात माझे दोन्ही हात मावले असते आणि वर जागा उरली असती.

घोरपड्यांचं घर बड़ा गणपतीच्या, म्हणजे त्या भल्यामोठ्या मूर्तीच्या देवळाच्या, मागच्या गल्लीत. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. "आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकच जोक मारतो," तो म्हणाला. "एक बड़ा मंदिर में, दूसरा यहाँ. मी तिसरीत असल्यापासून चालू आहे. हसावं लागतं दर वेळी."

"आणि गणपतीच्या नाटकात काय बनवतात तुम्हाला?"

"नववीत बकासुर. मग हिडिंब, मग कुंभकर्ण तीन वर्षं. आमच्या मंडळात नाटक कुठलंही असो, राक्षस ठरलेला. डायलॉग काय, तर हा हा हा." तो जरा थांबला. "एकदा तरी स्टेजवर एक सरळ वाक्य बोलायला मिळावं, असं वाटायचं. आता नाही वाटत."

एकदा दुपारी हेडफोन घालून घालून माझे कान वाजायला लागले. मी खाली क्लिनिकमध्ये गेले. त्याने मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि नियम सांगितला, जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं. मग तो काचेपलीकडे बसला, तोंडासमोर कागद धरला आणि आवाज कमी कमी करत यादी वाचू लागला. यादी हिंदी होती.

"इथेच माझी अडचण आहे," मध्येच थांबून तो म्हणाला. "आपली म्हातारी माणसं येतात, रामबागेतली वगैरे. मी म्हणतो 'छाता', ते म्हणतात 'छत्री'. मी म्हणतो 'थाली', ते म्हणतात 'ताट'. ऐकू बरोबर येतं, पण त्यांचं डोकं लगेच मराठी करून टाकतं. मशीनच्या हिशेबाने ते बहिरे ठरतात."

मी हसत सुटले. आमच्या घरी आई हेच करते, हिंदी बातम्या ऐकते आणि मराठीत उत्तरं देते. "मी तुम्हाला मराठी यादी करून देते," मी म्हटलं. "छोटे छोटे शब्द. ताट, वाटी, ऊन, दार, भात..."

"म्हणजे मी तुम्हाला मोठे शब्द देतो, तुम्ही मला छोटे. चालेल."

पुन्हा कागद वर गेला. मी डोळे मिटले. आवाज खाली खाली जात राहिला, एखादा माणूस अगदी कानाजवळ येऊन बोलतो तितका... आणि मग आणखी खाली.

"पानी."

"पानी."

"सुबह."

"सुबह."

"शमिका."

"शमिका," मी म्हणाले. नियमच तसा होता. डोळे उघडले तर कागद अजून त्याच्या तोंडासमोर होता, पण कागदाच्या वर दिसणारे कान लाल झाले होते.

"हा शब्द यादीत आहे?" मी विचारलं.

"नाही... तुझे कान चांगले आहेत," तो म्हणाला. 'तुझे' म्हणाला. मीही त्या दिवसापासून 'तू' म्हणू लागले.

सतरा शब्द झाले. ऑगस्ट उजाडला होता. अठराव्याच्या दिवशी त्याने मला जिन्यावर काही सांगितलं नाही, संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चल म्हणाला. पाऊस भुरभुरत होता. मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, तो उभाच राहिला. अशा स्टुलांवर तो बसत नाही.

"अठरावा आहे, पण यादीत घालू नकोस," तो म्हणाला. "फक्त तुला सांगतोय. दोन वर्षांपूर्वी आम्ही देवासला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चांगली होती, बोलली पण नीट. मी हात धुवायला मागे गेलो. तिची आत्या आतल्या खोलीत कुणाला तरी हळूच सांगत होती, 'हे धूड आपल्या पोरीला नको गं बाई.' कुणालाच ऐकू गेलं नसतं. पण माझे कान..." तो हसला. "माझे कान पण चांगले आहेत."

बाकीचे सतरा शब्द तो शर्टावरच्या धुळीसारखे झटकून सांगायचा. हा एक शब्द सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. माझ्या हाताने त्याची फक्त तीन बोटं धरली गेली, पण त्याने ती सोडवून घेतली नाहीत.

"रविवारी तुझ्या घरी येऊ का?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "काकांना भेटायचं आहे."

"कशाला?"

"विचारायचं आहे काहीतरी."

आता माझा दोष. माझ्या पोटात काही राहत नाही. रोज रात्रीच्या जेवणात त्या दिवशीचा शब्द मी घरी सांगायचे, नकलांसकट. शिंप्याची नक्कल तर इतकी रंगायची की बाबांना ठसका लागायचा. मला कधी वाटलंच नाही की हे शब्द कुणाचे तरी आहेत. आणि त्या रात्री मी अठरावाही सांगून बसले. त्या आत्याचा इतका संताप आला होता मला की ताट मी बाजूला सारलं. "सांग ना आई, एवढ्या चांगल्या माणसाला कुणी धूड म्हणतं का?" असं काहीतरी म्हणाले. स्क्रिप्टमध्ये मी तो घातला नाही, तिथे अठराव्या राक्षसाला 'विराट' करून रमाताईंना खूश केलं. एवढं वचन पाळलं म्हणून स्वतःवर खूश होते.

रविवारी दुपारी तो आला. निळा शर्ट, नवा. आमच्या दाराशी वाकला, आत आला तरी तसाच अर्धा वाकलेला राहिला. मी चहा ठेवायला आत वळले आणि पाठीमागे आईचा आवाज आला. आई किती कौतुकाने बोलत होती ते मलाच माहीत.

"या, बसा ना. अगं शमे, तू तर काहीही सांगत होतीस. धूडबिड काही नाही दिसत हो हे, छान उंचेपुरे आहेत."

मी वळून पाहिलं. तो सोफ्याच्या टोकावर अंग चोरून बसला होता, चेहऱ्यावर ते लिफ्टमधलं 'जी, सॉरी' होतं. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"काका," तो बाबांना म्हणाला, "मला तुम्हाला एक..."

बाबा कुणाला बोलू देतील तर शपथ. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, त्यात आमच्या भागातल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं नाटक दर वर्षी तेच लिहितात, तेच बसवतात. ते टक लावून विपुलकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत.

"घटोत्कच," बाबा आईला म्हणाले. "शारदा, बघ. साक्षात घटोत्कच. अरे, गेल्या वर्षी आमचा घटोत्कच खुर्चीवर उभा केला होता मी, तरी अर्जुनापेक्षा ठेंगणा. तू कुठे होतास इतके दिवस, भिया? तुला काही पाठ करायचं नाही. फक्त उभं राहायचं आणि हसायचं. पब्लिक वेडी होईल. हो म्हण. म्हणतोस ना?"

विपुलने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो काका," तो म्हणाला.

"आणि तू काहीतरी विचारत होतास?"

"नाही... काही नाही. चहा छान आहे काकू." चहा अजून झालाही नव्हता.

फाटकापर्यंत मी मागे धावले. "विपुल, काय विचारणार होतास?"

"विसरलो, शमिकाजी," तो म्हणाला. इतके दिवस गळून पडलेला तो 'जी' त्याने किती हळुवारपणे परत जोडला. "येतो."

तालमी सुरू झाल्या. मंडळाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सहा वाजता तो यायचा, एक दिवस चुकला नाही, पाच मिनिटं उशीर नाही. शब्द दिला होता ना. मी प्रॉम्प्टर. हातात वही घेऊन विंगेत बसायचं, कुणी अडखळलं की पुढचं वाक्य सांगायचं. सगळ्यांना सांगायचं, एक तो सोडून. त्याच्या पानावर वाक्यच नव्हतं. बाबा खालून ओरडायचे, "अजून मोठ्याने हास रे," आणि तो हसायचा, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मला ते हसणं ऐकवेना.

सकाळी जिन्याची वेळही त्याने बदलली. मी पावणेदहाला यायचे, तर तो साडेनवालाच चढून गेलेला असायचा. शेवटी एक दिवस मी नऊ वाजता जाऊन पायरीवर बसून राहिले.

"मी चुकले," तो दिसताच मी म्हणाले. "तो शब्द घरी सांगायला नको होता. बाकीचेही नको होते. माझ्या पोटात राहत नाही काही, पण ते काही कारण नाही झालं. माफ कर."

"केलं," तो लगेच म्हणाला. "राग नाहीच आहे मला, खरंच."

"मग?"

आज तो माझ्याच पायरीवर उभा होता आणि मला मान वर करून बघावं लागत होतं.

"तुमच्याशी बोलायला लागल्यापासून," तो म्हणाला, "मी केवढा आहे ते मी विसरून गेलो होतो. पहिल्यांदाच आयुष्यात. तुमच्या घरी आठवलं. आता परत विसरता येत नाहीये." आणि मग, "ज्या घरात मी राक्षस म्हणून शिरलो, तिथे परत जाऊन ते विचारायचं... नाही हिंमत होणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तो वर निघून गेला, दोन दोन पायऱ्या घेत.

म्हणजे आता तो विचारणार नव्हता. कधीच नाही. आणि विचारल्याशिवाय त्याला माझं उत्तर तरी कसं कळणार होतं?

त्या संध्याकाळी तालमीनंतर हॉलमध्ये खुर्च्या उचलताना मी बाबांना सगळं सांगितलं. देवासची आत्या त्यांना माहीत होती, पण पुढचं माहीत नव्हतं. "बाबा, तो नाटकात काम मागायला नव्हता आला," मी म्हणाले. "मला मागायला आला होता. आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला घटोत्कच करून पाठवून दिलं."

बाबांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले.

"चहा छान आहे म्हणाला तो," ते म्हणाले. "चहा दिला कुठे होता आपण त्याला." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "तुझं काय आहे? तुझ्या मनात?"

"तो आहे," मी म्हणाले. बापाला असं तोंडावर सांगायचं नसतं म्हणतात, पण माझ्या पोटात काही राहत नाही, हा त्याचा एकुलता एक फायदा.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा, आई आणि मी बड़ा गणपतीच्या मागच्या गल्लीत शिरलो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, आईच्या पिशवीत नारळ होता. आम्ही येतोय हे बाबांनी फक्त विपुलच्या आईला फोन करून सांगितलं होतं. त्यांनी आम्हाला बसवलं आणि त्याला हाक मारली.

तो बाहेर आला, बाबांना पाहिलं, आणि न विचारताच दोन्ही हात बाजूंना ताठ पसरून उभा राहिला.

"माप घ्यायला आलात ना काका? ड्रेसचं?" तो म्हणाला. "टेप आहे घरात. दोन टेपा जोडाव्या लागतात."

आईने पदर डोळ्यांना लावला. बाबा उठले. त्याचे ते पसरलेले हात त्यांनी एकेक करून धरले आणि खाली घेतले.

"माप नाही घ्यायचं," बाबा म्हणाले. "त्या दिवशी घेतलं ते साफ चुकलं रे. घटोत्कच मी करीन, पोटाला उशी बांधून. लोक हसतील तर हसू दे, मला चालतं. त्या दिवशी तू काहीतरी विचारायला आला होतास आणि मी तुला बोलूच दिलं नाही. आता मी गप्प बसतो. तू बोल."

आणि बाबा खरोखर गप्प बसले. ओठ घट्ट मिटून, हात मांडीवर ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आईने त्यांच्याकडे पाहिलं.

विपुल बाबांसमोरच्या खुर्चीवर बसला... म्हणजे टेकला, नेहमीसारखा, अर्ध्यातच. त्याने बाबांकडे पाहिलं, त्याच्या आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काका, चुकलं माझंच," तो म्हणाला. "तुमच्याआधी हिला विचारायला पाहिजे होतं. शमिका..." 'जी' नव्हता. "मला तू हवी आहेस. पण नीट बघून सांग. सगळ्या खोल्यांत जागा मीच अडवतो. तुझ्या शेजारी उभा राहीन तर लोक वळून वळून बघतील, हसतील पण. तुला रोज ऐकावं लागेल."

माझ्याजवळ बोलायला नेहमी पुष्कळ असतं. त्या वेळीही होतं.

"मी शाळेत नेहमी पहिल्या रांगेत," मी म्हणाले. "बसमध्ये दांडा धरता येत नाही. लिफ्टमध्ये मी चढले तरी कुणाला कळत नाही. सगळ्यांच्या शेजारी मला लहान वाटतं, विपुल. तुझ्या शेजारी एक दिवस नाही वाटलं. एवढा मोठा तू, आणि तुझ्याजवळ कुणी लहान होत नाही, ती म्हातारी पेशंट नाही, मी नाही. मला सतरा शब्द पाठ आहेत आणि त्यातला एकही हे सांगत नाही. जागा काय अडवायची ती अडव. पण माझ्यासमोर असं अंग चोरून बसू नकोस, मला बघवत नाही."

बाहेर गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली.

मग विपुल उठला. आधी नेहमीसारखाच, वाकलेला. आणि तिथे थांबला नाही. त्याने खांदे मागे नेले. मान सरळ केली. छाती भरून श्वास घेतला, आणि तो वर जातच राहिला. दोन महिने मी या माणसाला रोज पाहत होते, पण पूर्ण उभं राहिलेलं मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या आईनेही किती वर्षांनी पाहिलं असेल कोण जाणे, त्यांचा हात तोंडावर गेला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझं डोकं त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतही पोचत नव्हतं. मी मान मागे टाकून, जितकी टाकता येईल तितकी टाकून, वर पाहिलं.

"केवढा आहेस रे तू," मी म्हणाले.

हे वाक्य त्याने आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं असेल. या वेळी तो हसला, आणि वाकला नाही.